गाडी सोडा

प्रिय धाकटे,

फोनवर आपलं ‘बरं आहे ना?’, ‘हो, बरं आहे’ एवढ्यातच आटोपतं, म्हणून आज लिहायला बसले. तुझ्या घरातली गडबड मागून ऐकू येत असते, कुणीतरी तुला हाक मारतं आणि मग मीच म्हणते, ठेवते गं. इकडे मी दुसऱ्या खोलीत टीव्ही लावून ठेवते. बघत नाही, घरात कुणीतरी बोलतंय असं वाटावं, एवढंच.

माझं काम नेमकं काय, हे तू दरवेळी विचारतेस आणि दरवेळी विसरतेस. आमच्या ऑफिसच्या गाड्या आजारी माणसांना दवाखान्यात नेतात, घरी आणून सोडतात. त्यांचे निरोप आता एक एआय एजंट घेतो. निरोप वाचायचा आणि त्याला दिलेल्या टूल्सपैकी योग्य ते चालवायचं: कुणाकडे गाडी पाठवायची, कुणाची वेळ बदलायची. कुठलं टूल काय करतं, कधी वापरायचं, कधी त्याला हात लावायचा नाही, हे मी त्याच्यासाठी लिहून ठेवते. आपण माणसं अर्ध्या शब्दावरून ओळखतो. त्याच्यापुढे जेवढं लिहिलंय तेवढंच.

आमच्याकडे एक जुनं टूल होतं, माझा हात त्यावरून अजून फिरायचा होता. त्याचं वर्णन एका ओळीचं: ‘रुग्णाची गाडी सोडते.’ आमच्या ऑफिसात गाडी सोडणं म्हणजे बुकिंग रद्द करून ती दुसऱ्यासाठी मोकळी करणं. हे सगळ्यांच्या इतकं अंगवळणी पडलेलं, की लिहावं असं कुणाला वाटलंच नाही. गेल्या आठवड्यात एका म्हाताऱ्या शिंपीकाकांनी डायलिसिसला जायचं म्हणून निरोप पाठवला, ‘मी तयार आहे, गाडी सोडा.’ एजंटने इमानेइतबारे सोडली. गाडी गेली भलतीकडेच.

गाड्यांवर लक्ष ठेवणाऱ्या बाईंच्या हे ध्यानात आलं तेव्हा एकही गाडी रिकामी नव्हती. मी पर्स उचलली आणि टॅक्सी करून निघाले. काका फाटकाशी प्लास्टिकच्या स्टुलावर बसले होते, मांडीवर पांघरुणाची पिशवी, पाय सुजलेले. “फोन का नाही केलात हो?” मी जवळजवळ ओरडलेच. तर म्हणतात, “म्हटलं, कुणाला माझ्यापेक्षा जास्त गरज असेल.” टॅक्सीत मी त्यांना सगळा घोटाळा सांगितला. ते खळखळून हसले. “आमची ही भांडताना म्हणायची, सोडा आता! विषय सोडू की घर सोडू, मला कधी कळलंच नाही.”

दवाखान्यात नर्सने मला विचारलं, “तुम्ही यांच्या कोण?” मी काही बोलायच्या आत काकाच म्हणाले, “ऑफिसातल्या आहेत. मुलगा आहे मला, इथंच राहतो. पण त्याला काही सांगत नाही मी. त्याचं त्याला थोडं आहे का?” सुई टोचताना मात्र त्यांनी माझा हात घट्ट धरला. मशीन थांबेपर्यंत मी तिथंच बसून राहिले. तसंही घरी कुणी वाट बघत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्या टूलचं नाव बदलून ‘बुकिंग रद्द करा’ केलं. खाली लिहिलं: याने गाडी पाठवली जात नाही. रुग्णाची गाडी काढून दुसऱ्याला दिली जाते. आज यायचं नाही, असं रुग्णाने स्वतः सांगितलं तरच वापरा. अर्थाबद्दल शंका असेल तर आधी रुग्णाला विचारा. साहेब म्हणाले, “अहो, निबंध लिहिताय का?” मी काकांचाच निरोप चाचणीसाठी पुन्हा दिला. या वेळी एजंटने गाडी पाठवली. इतका आनंद झाला गं! घरी येऊन कुलूप उघडलं आणि लक्षात आलं, हे सांगायचं कुणाला?

आता खरं ते लिहिते. माझ्या पोटात गाठ निघाली आहे. येत्या मंगळवारी सकाळी ऑपरेशन आहे. गाठ कसली ते काढल्यावरच कळेल. सोबत कोण येणार, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तर मी म्हटलं, कुणी लागत नाही मला. आई गेल्यापासून तुझी मोठी बहीण म्हणून वागायची इतकी सवय झालीय, की ते तोंडातून आपसूक निघालं. मला भीती वाटते आहे, धाकटे. ‘तुला जमलं तर बघ’ असं वर लिहिलं होतं, ते खोडलं. सोमवारी ये. मला आत नेतील तेव्हा तू तिथं हवी आहेस, आणि बाहेर आणतील तेव्हाही. येताना काही आणू नकोस.

तुझीच,
ताई