बादल्यांची खोली

प्रिय कयल,

पाकीट जाड आहे म्हणून बाजूला ठेवू नकोस. आत आणखी एक पाकीट आहे, ते शेवटी. आधी माझं वाच, आणि स्वयंपाकघरात उभ्यानं नको, नीट बसून वाच. तू इपोहला पेरियम्माकडे गेल्याला सात महिने झाले. फोनवर ‘जेवलीस का, गुडघा कसा आहे’ एवढंच विचारतेस, आणि मी कॉलेजचं नाव काढलं की ‘अम्मा, कुकरची शिटी झाली’ म्हणून ठेवून देतेस. एवढ्या शिट्या कुणाच्या घरी होतात ग? म्हणून लिहायला बसले. रबराच्या मळ्यातल्या शाळेत चौथीपर्यंतचं माझं शिक्षण, चुका असतील, त्या तुझ्या लाल पेनानं सुधार. पण तुझ्या मैत्रिणीची, हेदरची, पत्रं न फोडता कचऱ्यात टाकतेस तसं हे टाकू नकोस. तुझ्या पेरियम्मानं सांगितलं मला. तीन टाकलीस म्हणे. बहीण माझी आहे, तुझ्या बाजूनं गप्प कशाला बसेल?

इथलं सांगते. हेदरच्या जागी परदेशातल्या त्या विद्यापीठातून कॉलेजात आता एक उंच, लाल मानेचा बाप्या विमानानं येतो. चार महिन्यांचं शिकवणं दहा दिवसांत ओतायचं, सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत, शनिवार नाही की रविवार नाही. माणूस आहे की पाण्याची टाकी? परवा तो लिफ्टमध्ये भिंतीला टेकून उभ्या उभ्या झोपला होता. लिफ्ट तीनदा वर गेली, तीनदा खाली आली, पोरं शेजारी उभी राहून हसत होती. मी बादलीची कडी वाजवून त्याला उठवला, तर मलाच ‘सॉरी’ म्हणाला. त्या पाहुण्यांच्या फ्लॅटमधली चादर मी बदलते ना, चुरगळलेलीसुद्धा नसते. झोपतात कुठे ही माणसं? कॉलेज चालवणारा फूंगसाहेब मात्र दारात नव्या पोरांच्या आईबापांना तेच ऐकवतो, ‘तिकडचीच पदवी, तिकडचेच प्राध्यापक, विमानाचं तिकीट तेवढं वाचलं तुमचं!’ ऐकलं की किळस येते मला.

हेदर तरी हसायची. पहिल्या वर्षी विमानातून आल्या आल्या पायातले बूट काढून म्हणाली होती, ‘अंजलै, बघ, तुझ्या इडल्या इथे आल्यात.’ खरंच पाय तसेच सुजले होते घोट्याखाली. मी मिठाच्या पाण्याची बादली दिली आणि ती त्यात पाय सोडून मांडीवर पेपर तपासत बसली. म्हणायची, मी राहते विमानात, घरी फक्त कपडे धुवायला जाते. मला आधी वाटायचं, गोरी आहे, हिला काय कमी. मग कळलं की हिचीही नोकरी तुझ्यासारखीच कच्ची, वर्षावर्षाची. एका फेरीला नाही म्हटलं की पुढच्या वर्षी दुसरीचं नाव. आणि तो दिवस तर तुला आठवतच असेल. जेवायच्या सुट्टीत तिला फोन आला, वडील गेले. तू फूंगकडे धावलीस, म्हणालीस, दुपारचा वर्ग मी घेते, नाहीतरी ती परत गेल्यावर उरलेले बारा आठवडे मीच घेते ना. तो काय म्हणाला? ‘पोरांना तिकडचा चेहरा पाहिजे, तुझा रोजचाच आहे.’ मी तेव्हा बाहेर जिना पुसत होते. हेदर तोंडावर पाणी मारून वर्गात गेली आणि तीन तास बोलली. तू मागच्या बाकावर बसून होतीस, तिला उभं राहवलं नाही तर हाताशी असावं म्हणून. त्या दिवसापासून तुम्ही दोघी बहिणी झालात. मला सगळं दिसत होतं. फरशी पुसणाऱ्या बाईला कोणी बघत नाही, पण तिला सगळं दिसतं.

आता तुझं. पाच वर्षं तू तिथे शिकवलंस, दर चार महिन्यांनी नवा कागद, नवी सही. शिकवायचं त्यांनी पाठवलेलं, त्यातला एक शब्द हलवायचा नाही. इथल्या पोरांना कधी न बघितलेल्या बर्फाची उदाहरणं द्यायचीस तू, घामानं भिजलेल्या पाठीनं. गुण तू द्यायचे, तिकडे पाठवायचे, आणि तिकडून ते बदलून यायचे, का ते कोणी सांगायचं नाही. बसायला जागा नाही. म्हणून तू माझ्या बादल्यांच्या खोलीत आलीस. उलटी बादली, तिच्यावर उशी, गुडघ्यावर फळी, डोक्यावर माझे लोंबणारे पोचे. माझी मुलगी, विद्यापीठात शिकलेली. आणि दोघी असताना अम्मा म्हणायचीस, पण दाराबाहेर पाऊल पडलं की ‘अक्का, थोडं बाजूला व्हा.’ मी पण म्हणायचे, ‘हो मॅडम.’ तूच सांगितलं होतंस, कोणाला कळू देऊ नकोस, मग मला ट्यूटरसुद्धा ठेवणार नाहीत. मी ऐकलं. पण ऐकताना शिसारी यायची, तुझी नाही ग, त्या इमारतीची. गवती चहाच्या तेलानं मी ती रोज पुसते, तरी ती मला कधी स्वच्छ वाटली नाही. तुझे पेपरसुद्धा त्याच तेलाचा वास घेऊन तिकडे जायचे. एकदा तिकडून विचारणा आली होती, उत्तरपत्रिकांना हा वास कसला? फूंगनं काय कळवलं? ‘स्थानिक हवामान.’ आपण दोघी त्या खोलीत तोंड दाबून हसलो होतो. तुझं तसं हसणं मी नंतर ऐकलेलं नाही.

मग तपासणी आली. तिकडच्या विद्यापीठाची चार माणसं दोन दिवस येणार, कॉलेज नीट चालतं का बघायला. आदल्या दिवशी फूंगनं मला बिस्किटांचा डबा दिला. आत पितळी पाट्या आणि स्क्रू. ‘अक्का, दुसऱ्या मजल्यावर लाव.’ लावल्या. एकीवर तुझं नाव, कयल्विळी मुरुगय्या, व्याख्याती. मी पदरानं चोळून चोळून ती चमकवली, खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. त्या दाराच्या आत काय होतं ठाऊक आहे? मोडक्या खुर्च्या. दाराला कुलूप. कोणी विचारलं तर ‘मॅडम वर्गात आहेत.’ आम्ही मजूर होतो त्या मळ्यात लंडनहून मोठा साहेब यायचा तेव्हा आमच्या खोल्यांच्या रस्त्याकडच्या भिंती तेवढ्या चुन्यानं रंगवायचे. मागच्या बाजूला गटार तसंच. माझी आई म्हणायची, ‘साहेब मागच्या बाजूला कधी येत नाही, त्याचे बूट चांगले असतात.’ मळा सुटून तीस वर्षं झाली, आणि मी इथे चुना फासत होते, पितळेचा.

ती माणसं गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी पाट्या उतरवल्या, मीच. महिन्याभरानं अहवाल आला, त्यात लिहिलं होतं की शिक्षक साफसफाईच्या खोलीत बसून पेपर तपासतात. फूंग लाल झाला. जागा द्यायची सोडून त्यानं शिक्षकच काढले. तुझा कागद पुढे वाढला नाही, हेदरचं नाव यादीतून गेलं. आणि माझ्या खोलीला मोठं कुलूप आलं. हा त्यांचा इलाज! तू म्हणालीस, हेदरनंच तोंड उघडलं असणार, तीच त्यांच्यासमोर तासभर बसली होती, त्या खोलीचं तिलाच ठाऊक होतं. तू तिला काय काय लिहिलंस ते मला माहीत नाही, पण पोस्टात टाकायला माझ्याच हातात दिलं होतंस. आणि मी ते टाकलं. ते पाकीट हातात धरून मी पोस्टापर्यंत चालत गेले आणि गप्प राहिले. किळस सगळ्यांची केली ना वर? आता त्यात माझीही धर.

हेदरनं काही सांगितलं नाही, कयल. त्या चौघांत एक म्हातारी होती, हातात काठी. बाकीचे चहाला गेले तेव्हा ती जिन्याशी थांबली, माझ्या पोच्याकडे वाकली, वास घेतला आणि म्हणाली, हा वास मला ओळखीचा आहे, माझ्याकडे येणाऱ्या पेपरांना असतो. मला ‘हवामान’ म्हणता आलं असतं. मी किल्ली काढली आणि दार उघडलं. तुझी उलटी बादली, उशी, फळीवर अर्धा तपासलेला गठ्ठा, खुंटीवर तुझी निळी शाल. तिनं विचारलं, इथे कोण बसतं? मी म्हणाले, ‘माझी मुलगी.’ पाच वर्षांत त्या इमारतीत पहिल्यांदा मोठ्यानं म्हणाले. ती माझं नाव लिहिणार नाही म्हणाली, आणि तिनं नाही लिहिलं. म्हणून तू गेलीस, हेदर गेली, आणि मी अजून तिथे फरशी पुसते. वाटलं होतं, दार उघडलं की तुला खोली मिळेल. आतलं पाकीट हेदरचं आहे. आपलं नातं तेवढं तिला तू सांगितलं होतंस, तू उत्तर देत नाहीस म्हणून तिनं पाहुण्यांच्या फ्लॅटवर माझ्या नावानं पाठवलं. सोबतच्या चिठ्ठीत एवढंच आहे, तिच्या ओळखीच्या ठिकाणी पुढे शिकायची जागा आहे, तुझी शिफारस तिनं केलीय, या महिनाअखेरीपर्यंत तुझी सही हवी. तुझ्या त्या पत्रानंतरही केलीय. ते फोड. राग धरायचा तर माझ्यावर धर, मी घट्ट आहे, मला पुरेल. हे पत्र फाडलंस तरी चालेल, ते नको.

तुझीच,
अम्मा
(अक्का नव्हे)