येणाऱ्यालाच पुरस्कार

९ डिसेंबर, मंगळवार
सकाळपासून फोन, फोन, फोन! सिनेमा आणि टीव्हीचा वार्षिक पुरस्कार सोहळा, म्हणे. आमच्या इव्हेंट कंपनीचे साहेब हृषीकेश सर पुण्याहून आलेत. त्यांनी मला एक वाक्य पाठ करायला लावलंय – 'परीक्षकांना तुमचं काम फार आवडलं. वीस तारखेला इंदूरला येताय ना?' प्रत्येक विभागात तीन नावं. निकाल लागलाय, पण तो सरांच्या कपाटात. निकालातला आला तर ठीक, नाही आला तर जो येईल त्याला ट्रॉफी! 'पंचशील, रिकाम्या खुर्चीला बक्षीस देता येत नाही,' सर म्हणाले.

एका खलनायकाला फोन लावला.
'मिल रहा है क्या? मिल रहा है तो आऊंगा. नहीं तो भिया, साले की शादी है.'
'सर, परीक्षकांना काम फार आवडलं.'
'वो तो ठीक है. मिल रहा है के नहीं?'
याचं काम मी पाहिलंय. कोणाला आवडेल!

१० डिसेंबर, बुधवार
सहाय्यक अभिनेत्रीच्या नावांत आई! यादी पुन्हा वाचली.
गेल्या वर्षी छत्रीबागेत एका मालिकेचं शूटिंग होतं. आई मुलींच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये स्वयंपाक करते, तिथूनच शूटिंगवाल्यांचे डबे जायचे. सुईणीची भूमिका करणारी बाई आलीच नाही, तेव्हा दिग्दर्शकाने डबे घेऊन गेलेल्या आईलाच उभं केलं. दोनच प्रसंग. एकात बाळ जन्मतं आणि रडत नाही. आई त्याची पाठ चोळत राहते, कोणाकडे बघत नाही. मी श्वास रोखून पाहिलं होतं.

सर म्हणाले, 'ही कांताबाई लोकल आहे ना? हिला काहीही करून आण.' अर्थातच! विमान नको, हॉटेल नको. यादीतल्या मुंबईच्या बाई फिरकल्या नाहीत तर खुर्ची भरायला स्वस्तातली सोय. ती माझी आई आहे हे बोललो नाही. उगाच वशिला म्हणतील. रात्री घरी आईला आमंत्रण सांगितलं.

११ डिसेंबर, गुरुवार
खलनायकाला बाथटब हवा. दाढीसुद्धा खोटी लावतो – आंघोळ कसली एवढी!

१४ डिसेंबर, रविवार
आईने निळी साडी इस्त्री करून आणली. हॉस्टेलच्या मुली तिच्याकडून भाषण घोकून घेतायत. 'काकी, स्टेज पे घबराना मत!' आई मला विचारते, 'आधी जय भीम म्हणू, की आधी धन्यवाद?'

मग म्हणाली, 'एका बाईंचा फोन आला होता रे. काम फार आवडलं म्हणाल्या.'

मला हसू आलं. रागही आला. म्हटलं, 'आई, ते वाक्य मी दिवसभर लोकांना ऐकवतो. त्या खलनायकालासुद्धा! जो येतो त्याला देतात. काम बघतंय कोण? फालतू तमाशा आहे. नको जाऊस.'

तिने विचारलं, 'तुझ्या साहेबांना सांगितलंस, मी तुझी आई म्हणून?'
'नाही. कशाला?'
'बरं.' साडीची घडी केली. 'तसंही शनिवारी मेसमध्ये दालबाफल्यांचा बेत आहे. रुपालीला एकटीला एवढा स्वयंपाक नाही जमणार.'

बरं झालं. तिचं हसं तरी होणार नाही.

१५ डिसेंबर, सोमवार
सरांना सांगितलं, कांताबाई येणार नाहीत. सर वैतागले – 'अरे यार! बरं, मुंबईच्या बाईंचं तिकीट काढ.' काढलं. बाई आणि सोबत तीन माणसं. एक फक्त केसांसाठी.

२१ डिसेंबर, रविवार, सकाळ
झाला एकदाचा काल! धुराच्या यंत्राने पहिल्या रांगेला खोकला लावला. शेवेच्या कारखानदाराने सर्वोत्कृष्ट छायाचित्रणाचा पुरस्कार दिला, आणि भाषण शेवेवरच केलं. खलनायक ट्रॉफी घेऊन थेट साल्याच्या लग्नाला पळाला. मुंबईच्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, 'मैंने तो सोचा भी नहीं था!' बाई, सोमवारी तुम्हीच फोनवर विचारलं होतं – ट्रॉफी वजनाला किती आहे, सामानात चालेल ना! मी मागे उभा राहून मनात शिव्या देत होतो.

तेवढ्यात शोभना मॅडम आल्या. परीक्षकांतल्या एक, नाटक शिकवायच्या.
'तुम्ही फोन करायचात ना सगळ्यांना? कांताबाई का नाही आल्या?'
'काम होतं त्यांना.'
'अहो, त्यांचाच होता पुरस्कार! बाकी प्रत्येक नावावर आम्ही भांडलो, या नावावर कोणी तोंड उघडलं नाही. ते न रडणारं बाळ... निकालाच्या दिवशी मला राहवेना, मी स्वतः त्यांना फोन करून सांगितलं, काम फार आवडलं म्हणून.'

मुंबईच्या बाई शेजारीच फोटो काढून घेत होत्या. ट्रॉफी त्यांनी उलटी धरली होती.

२१ डिसेंबर, संध्याकाळ
आईला सगळं सांगितलं. कणीक मळत होती, हात थांबला नाही.
'माहीत होतं मला. त्या बाई तसं उगाच बोलणाऱ्या नव्हत्या.'
'मग गेली का नाहीस?'
'तुझ्या साहेबांसमोर तुला अवघड झालं असतं ना रे.'