रायफलची तू सांगितलेली किंमत

पपा, तू जाऊन अकरा वर्षं झाली आणि अजूनही तुझ्या किमती मलाच निस्तराव्या लागतात. गेल्या दोन वर्षांत चार जण माझ्याकडे येऊन गेले. कुणी देवगडहून, कुणी कणकवलीच्या वरच्या गावांतून. प्रत्येकाच्या घरात आजोबांच्या नाहीतर सासऱ्यांच्या वेळची शिकारीची रायफल, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य: तुमच्या पपांनी एवढी सांगितली होती. तू ती कशावरून सांगितलीस हे कुणालाच माहीत नाही. तुझं बंदूकदुरुस्तीचं दुकान बंद झालं, परवाना सरकारजमा झाला, आकडे मात्र गावोगाव फिरत राहिले. मी गोव्यातल्या कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासते. केसाएवढा फरक पडला तरी माल परत पाठवते. तुझे आकडे कुणाला परत पाठवू?

या वेळी काकी आली. काजूची बाग असलेली, जिचा नवरा दर बाजाराच्या दिवशी तुझ्या दुकानात येऊन बसायचा, ती. काका गेल्या वर्षी वारले. परवाना त्यांच्या नावावर होता, म्हणून रायफल कुडाळच्या एका विक्रेत्याकडे जमा करावी लागली. आता विकायची परवानगी मिळाली होती आणि कोल्हापूरहून एक परवानाधारक शनिवारी ती बघायला येणार होता. बागेत रानडुकरं शिरतात, गवे येतात. येणाऱ्या पैशात काकीला सगळ्या बागेला कुंपण घालायचं होतं. किती मागायचे हे तिला माझ्याकडून ऐकायचं होतं. खरं तर तेही नाही. आकडा तिच्याकडे होताच.

"ह्येंनी कपाटाच्या दारार खडून लिवन ठेवल्यानी हा," ती म्हणाली. "तुझ्या बापाशीन सांगल्यान तो. अजून पुसूक नाय."

मी तिच्यासोबत कुडाळला गेले. नळी, खटका आणि चौकट यांच्यावरचे क्रमांक एकच होते, म्हणजे भाग बदललेले नव्हते. दस्ता मुठीपाशी चिरलेला नव्हता. वरचा काळा मुलामा मूळचा होता, कुणी घासून चकचकीत केला नव्हता. इथवर तुझा आकडा टिकत होता. मग नळीत उजेड सोडला. मधल्या भागात गोळीला फिरकी देणाऱ्या पिळांच्या कडा झिजल्या होत्या आणि ओळीने गंजाचे खड्डे होते. त्यात या मापाची काडतुसं आता मुश्किलीने मिळतात, त्यामुळे घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मी एकेक गोष्ट कागदावर मांडली, घासाघिशीला थोडी जागा ठेवली. तरी उत्तर तुझ्या आकड्याच्या निम्म्यावरच आलं.

काकी बाकावर बसून माझ्याकडे बघत होती. "तुझो बापूस एक नजर मारी आणि सांगी. तू दोन तास खयची नळी बघतस गो? बोगदो आसा काय तो?"

मी आकडा सांगितला. ती हसायची थांबली.

ते खड्डे मी आधी पाहिले होते, पपा. तुला तो दिवस आठवत असेल. मी बारा वर्षांची आहे, तुझ्या टेबलापाशी बॅटरी धरून उभी आहे. काका खुर्चीच्या टोकावर बसलेत, नेहमीसारखे टेकून नाहीत. "विकूची नाय रे," ते म्हणतात, "पण विकलंय तर कितके येतले?" तू नळीतून बघतोस, मग मीही बघते. तू आकडा सांगतोस आणि वर म्हणतोस, "तू विकूक काढ, मी पैसे घेवन दारात उभो रवतंय." काकांचा चेहरा उजळतो. आणि मी म्हणते, पपा, आत खड्डे आहेत. तू माझ्या हातातली बॅटरी काढून घेतोस. "तुका कोणी विचारल्यान? भायर जा."

जेवताना तू म्हणालास, "तो विकूक नाय इल्लो. ऑपरेशनाक मुंबयक जाताहा. ऐकाक इल्लो." मला तेव्हा ते पटलं नाही. आजही अर्धंच पटतं. माणसाला ऐकायला बरं वाटावं म्हणून सांगायचा आकडा आणि गिऱ्हाइकाकडे मागायचा आकडा वेगळा, हे तुला कळत होतं. मग त्या माणसाला, तो बरा होऊन परत आल्यावर तरी, हळूच सांगायचं होतंस. तो त्यानंतर कितीतरी वर्षं जगला. दर आठवड्याला तुझ्यासमोर बसून चहा पीत होता.

कुडाळला काकीने विचारलं, "म्हणजे तुझ्या बापाशीन खोटा सांगल्यान?"

मी नाही म्हटलं. म्हटलं, तेव्हा नळी चांगली होती, गंज नंतर चढला. माझ्या तोंडून हे इतकं सरळ निघालं की मलाच आश्चर्य वाटलं. काकीने नळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "दसऱ्याक पूजेक काढी तेव्हा मीच आत खोबरेल सोडी. गंजाक नको म्हणान. तेणाच खराब झाली मगे?" मी म्हटलं, खारं वारं असतं, काही सांगता येत नाही.

शनिवारी तो माणूस आला, त्यानेही नळीत उजेड सोडला, थोडे कमी करून घेतले आणि कागदांवर सह्या केल्या. माझा हिशेब बरोबर निघाला. कुंपण फक्त व्हाळाच्या, म्हणजे खालच्या ओढ्याच्या, बाजूला झालं. काकी अधूनमधून फोन करते, काजूचं सांगते, मोहोर कसा आहे ते सांगते, आणि फोन ठेवता ठेवता एकदा तरी विचारते, तेल नको होतं घालायला, नाही का गो.

तुझ्यावर चिडून लिहायला बसले होते. पण खड्डे जुने होते, तिच्या तेलाचे नव्हते, एवढं सांगायला मला एक मिनिट पुरलं असतं. त्याला आता चार महिने झाले. मी अजून सांगितलेलं नाही.