संयुक्त तपासणी, दर रविवारी अकरा वाजता

३ मार्च, रविवार
बायको तिच्या बहिणीकडून आली, हल्ली तिथेच असते. बसली नाही. उभ्यानेच म्हणाली की आपण वेगळं व्हायचं, भांडण नको, कोर्टात चकरा नकोत, एक करार करू आणि घर, सामान, कर्ज वाटून घेऊ. चौदा वर्षं झाली लग्नाला. मी अजिबात हादरलो नाही. शांतपणे विचारलं, फ्रिज कुणाकडे? ती म्हणाली, ऐकलंस का मी काय म्हणाले ते? मी म्हटलं, ऐकलं, पण फ्रिज कुणाकडे? ती निघून गेली.

करार मीच लिहिणार. वकील हवा कशाला? पंपाच्या कारखान्यात एकोणीस वर्षं स्टोअर सांभाळतोय. एक नट इकडचा तिकडे झालेला नाही.

४ मार्च, सोमवार
रजा टाकली. स्टोअरमधून स्टिकरचे रोल आणले. (उरलेले परत करायचे.) घरातल्या प्रत्येक वस्तूला नंबर. चार रकाने: माझं, तिचं, वादग्रस्त, शेरा. संध्याकाळपर्यंत एकूण २१२ वस्तू. कंबर धरली. ती फिजिओथेरपिस्ट आहे, पण आता विचारणार कसं?

५ मार्च, मंगळवार
साहेब दिवसभर माझ्याकडे बघून हसत होते. बढतीचं असेल असं वाटलं. घरी आल्यावर कळलं, शर्टाच्या पाठीला ८८ नंबरचा स्टिकर. वर ‘वादग्रस्त’. एकाही माणसाने सांगू नये! असली माणसं.

१० मार्च, रविवार
पहिली संयुक्त तपासणी. ती अकराला आली. म्हणाली, माझे कपडे आणि पुस्तकं नेते, बाकी तुला हवं ते ठेव. मी स्पष्ट नकार दिला. असं चालत नाही. प्रत्येक वस्तू दोघांनी बघायची, स्थिती लिहायची, दोघांच्या सह्या. पद्धत म्हणजे पद्धत.

दोन तासांत नऊ वस्तू झाल्या. नंबर ७, टॉर्च. चालू होत नाही. मी उघडला तर आत सेलच्या जागी तिच्या केसाच्या पिना. ती हसली. शेऱ्यात लिहिलं: हसली.

हिशेब केला. रविवारी नऊ म्हणजे चोवीस रविवार. ऑगस्ट उजाडणार. मला तर कधी एकदा मोकळा होतोय असं झालंय, पण काय करणार, घाई करून भागत नाही.

१३ मार्च, बुधवार
ताईचा फोन. म्हणाली, मुकाट्याने बायकोकडे जा आणि सांग की चुकलं, घरी चल. मी म्हटलं, हा मुद्दा कराराच्या मसुद्यात कुठेच बसत नाही. ताई म्हणाली, तू लहानपणापासून असाच ठोंब्या आहेस. फोन ठेवला.

स्पष्ट लिहून ठेवतो: ती परत यावी असं मला वाटत नाही. फक्त रविवारी अकराला यावी, एवढंच.

१७ मार्च, रविवार
आजचा डाव पक्का होता. नंबर १२, वॉशिंग मशीन, मी मागितलं. मला नकोच आहे. पण मी मागितलं की ती अडणार, ती अडली की वाद होणार, वाद झाला की चहा होणार. झालंही तसंच. पाऊण तास. ती म्हणाली, ते कुठून चालू होतं हे तरी माहीत आहे का तुला? मी म्हटलं, प्रश्न मालकीचा आहे, वापराचा नाही. चहा मात्र तिनेच केला. छान झाला होता. हे तिला सांगितलं नाही, वाटाघाटीत कमकुवत दिसतो माणूस.

मग देणी. घराचं कर्ज, गाडीचं कर्ज. प्रामाणिकपणे मेहुण्याची ड्रिल मशीनही धरली, सहा वर्षं आपल्याकडेच आहे. ती म्हणाली, मग आणखी एक देणं लिही, समुद्रावर नेतो म्हणाला होतास, सात वर्षं झाली. मी लिहिलं: मूळ कागद उपलब्ध नाही, तपासून कळवतो. तिने ते वाचलं आणि पर्स उचलली. जाताना म्हणाली की तुझ्याशी बोलणं म्हणजे खिडकीवर अर्ज देणं. मला वाटतं, माझ्या शिस्तीबद्दल म्हणाली.

२३ मार्च, शनिवार
डोकं चाललं! स्टोअरमध्ये आम्ही पंप कधी ‘पंप’ म्हणून लिहीत नाही, सुटे भाग लिहितो. मग घरात का नाही? तपासून झालेले अठरा नंबर तसेच ठेवले. बाकी सगळं खोललं. कुकर ११६, झाकण ११७, शिटी ११८, रिंग ११९. मिक्सरचे सहा नंबर. पलंगाच्या दोन बाजू दोन नंबर. चमचे सुटे. पडद्यांचे दांडे वेगळे.

एकूण ३४१. म्हणजे अजून छत्तीस रविवार. नोव्हेंबर. हे मी फक्त अचूकतेसाठी केलंय.

२४ मार्च, रविवार
ती आली. टेबलावर सगळं मांडून ठेवलं होतं. तिने कुकरची शिटी उचलली, स्टिकर वाचला, माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता कौतुक करणार. तिचे डोळे भरले होते. धूळ असेल, खोललेल्या मिक्सरची. मग हळू आवाजात विचारलं, तुला आणखी काही बोलायचंय का माझ्याशी?

मी म्हटलं, हो. पलंगाची डावी बाजू कुणाची?

म्हणाली, पुढच्या रविवारी वकीलबाईंना घेऊन येते. वाटतं, माझ्या मसुद्याने दबाव आला तिच्यावर.

३१ मार्च, रविवार
वकीलबाई आल्या. माझा मसुदा शेहेचाळीस पानांचा. शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढला, विचारलं की हे कुणी लिहिलं. मी विनयाने हात वर केला. त्यांनी पाणी मागितलं.

त्यांचा करार दीड पानाचा. फ्लॅट मला, त्याचं उरलेलं कर्ज मला, तिने भरलेल्या हप्त्यांचे पैसे मी तीन वर्षांत फेडायचे. गाडी आणि गाडीचं कर्ज तिला. सामान: सर्व त्याला.

मी म्हटलं, सर्व कसं? वाद कुठे गेला? अजून छत्तीस रविवार बाकी आहेत! बायको म्हणाली, कशावरही वाद नाही, वॉशिंग मशीनसुद्धा घे. इतकं सरळ शरण जाणं बरं दिसत नाही.

तिचे पैसे दर महिन्याला स्वतः नेऊन द्यायची तयारी दाखवली. वकीलबाई म्हणाल्या, तसदी नको, बँकेतून आपोआप जातात.

विचार करायला महिनाभर मागितला. आठवडा मिळाला.

३ एप्रिल, बुधवार
ठरवलं, सही करायची नाही. दुसऱ्या कलमात खोट काढायची. चार वेळा वाचलं. खोट नाही. दीड पानात माणूस चुकणार तरी किती?

७ एप्रिल, रविवार
सही केली. अकरा मिनिटं लागली. पुढचं कोर्टाचं वकीलबाई बघणार. तिने निघताना सांभाळून राहा म्हटलं. मी म्हटलं, पावती?

जिंकलो. ३४१ पैकी ३४१. एकोणीस वर्षांत असा साठा जुळला नव्हता. ताईला फोन करून सांगितलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. सर्दी असेल.

९ एप्रिल, मंगळवार
स्वच्छ शर्ट संपले. नंबर १२ समोर वीस मिनिटं उभा राहिलो. सगळी बटणं दाबली. एक दिवा लागला, तो स्वयंपाकघरातला. शेवटी तिला फोन केला. तिसऱ्या रिंगला उचलला. म्हणाली, आधी मागचा नळ उघड. अर्ध्या मिनिटात मशीन चालू.

तिचा आवाज बरा होता.

मशीन फिरत असताना लक्षात आलं की यातलं मला काहीच चालवता येत नाही. काय सुंदर गोष्ट आहे! रोज एक वस्तू विचारायची. दिवसाला एक धरली तर वर्ष जवळपास निघतं. संकल्प: घाई करायची नाही, एका फोनला एकच नंबर.

१० एप्रिल, बुधवार
नंबर ११९, कुकरची रिंग. सांगितलं. तिच्या पाठीमागे कुणीतरी पेशंट कण्हत होता. एक मिनिट दहा सेकंद.

११ एप्रिल, गुरुवार
नंबर २०४, पाण्याचा फिल्टर. पन्नास सेकंद. आज तिने आपणहून विचारलं, तुझ्याकडची ती नंबरांची यादी मला पाठवशील का? लगेच पाठवली. बघा! चौदा वर्षांनी का होईना, पद्धतीचं महत्त्व पटलं. आता फोनवर नुसता नंबर सांगायचा. बोलायला जास्त वेळ उरेल.

१३ एप्रिल, शनिवार
काल, आज फोन नाही केला. मागणी साठवून ठेवतोय. उद्यासाठी तीन नंबर काढलेत. त्यातला मिक्सर अवघड आहे, दहा मिनिटं सहज जातील. मिक्सर झाला की समुद्राचं विचारणार. ठरलं म्हणजे ठरलं.

१४ एप्रिल, रविवार
दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. (फोनच करायचा होता, पण तरी.) बरोबर अकराला बेल वाजली. धावत गेलो.

कुरिअरवाला होता. जाड पाकीट. आत तिच्या अक्षरात चोवीस पानं. १ ते ३४१, माझ्याच क्रमाने. प्रत्येक वस्तू कशी चालते, कशी धुवायची, बिघडली तर कुणाला बोलवायचं, त्याचा फोन नंबर. ११८ पुढे लिहिलंय: ही ११७ वर बसवायची, ११७ हे ११६ वर, आणि ११९ रात्री पाण्यात ठेवली तर जास्त टिकते. मिक्सरचं तर चित्र काढलंय.

शेवटी लिहिलंय की सगळं नीट लिहिलं आहे, आता फोन करावा लागणार नाही.

दुपारभर तपासत बसलो. कुठेतरी एखादा नंबर सुटला असेल, एखादी गोष्ट विचारायची राहिली असेल, म्हणून दोनदा वाचलं. एकही चूक नाही. फार वाईट वाटलं.