लिनचा धातू आणि परसातली टाकी

मी, ग्वेन नॅनकिव्हेल, वय एकोणऐंशी, निवृत्त धातुतज्ज्ञ, राहणार पोर्ट पिरी, दक्षिण ऑस्ट्रेलिया, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. यापूर्वीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

राहते घर व बँकेतील शिल्लक मुलगा डॅरेन यास मिळावी. परसातील शेड व तिच्यातील हायड्रोजनची टाकी मात्र त्याला नाही. "आई, भंगारात बरे पैसे येतील त्याचे," असे तो जेवताना म्हणाला, ते माझ्या लक्षात आहे.

शेड, टाकी, सोलर पॅनेल व माझी हत्यारे माझी जुनी सहकारी लिन ट्रुऑंग हिला द्यावीत. टाकीत तिने घडवलेला लोखंड-टायटॅनियमचा मिश्रधातू आहे. दिवसा पाण्यातून निघालेला हायड्रोजन तो पोटात घेतो आणि गरम होतो. अंधार पडला की परत देतो, त्यापासून होणाऱ्या विजेवर माझा फ्रीज चालतो. सुरुवातीला या धातूने वायूला तोंडही लावले नव्हते. आमच्या संशोधन संस्थेने काम गुंडाळले, मीही हात टेकले. लिन एकटी तो तापवत, रिकामा करत, पुन्हा वायू भरत राहिली. एका दुपारी तिने मला टाकीला कान लावायला सांगितले. तापल्या तव्यावर मीठ टाकावे तसा धातू वायू शोषत आत तडतडत होता. अशी चिकाटी मी दुसऱ्या कोणात पाहिलेली नाही. मला तिचा फार अभिमान वाटतो.

वीज न पोहोचलेल्या बेटांवरच्या दवाखान्यांसाठी अशा टाक्या घ्यायच्या की नाही, हे पुढच्या वर्षी ठरेल. तिथल्या लोकांना नवा धातू नको, वर्षानुवर्षे न थकलेला हवा. तसा या टाकीत आहे तेवढाच आहे. भंगारात गेला तर लिनकडे दाखवायला काही उरणार नाही.

दीर क्लाइव्ह यास मी काहीही देत नाही. स्फोट होऊन शेड उडेल म्हणून त्याने आपली राहती कॅरव्हॅन परसातून रस्त्यापलीकडे नेली आणि नाताळलाही कुंपणाच्या आत पाऊल टाकले नाही. वादळात गावाची वीज गेली तेव्हा मात्र माझ्या फ्रीजमध्ये ठेवायला मासे घेऊन कुंपणाशी आला.

"ग्वेन, तुझं ते भूत जागं आहे का?"

"जागं आहे. आण ते मासे."

मासे त्याने कुंपणावरूनच दिले. तरी त्याला रागाने वगळलेले नाही. ज्याला वाटा मिळतो त्याच्या साक्षीवर बोट ठेवले जाते, आणि डॅरेन ऐकतो ते फक्त काकाचे. सही करायची तर त्याने शेडमध्ये यावे. मी इथेच बसले आहे.

स्थळ: परसातील शेड. दिनांक: १४ जुलै २०२५, दुपार.

सही: ग्वेन नॅनकिव्हेल

साक्षीदार:
१. मार्लीन ओट्स, शेजारीण
२. क्लाइव्ह नॅनकिव्हेल

(खाली क्लाइव्हच्या हाताने:) टाकीला टेकून सही केली. उबदार आहे. डॅरेनशी मी बोलतो.