अठरा रविवारांची वेळ

प्रिय आई,

‘प्रिय’ लिहिताना पेन दोनदा थांबलं. पण तुला दुसरं काही म्हणायची सवय नाही, म्हणून राहू दिलं. बाकी पत्रात गोड बोलणं शोधू नकोस. तुझे चौदा फोन मी मुद्दाम घेतले नाहीत. फोनवर तू रडणार, मग मी विरघळणार आणि मुद्दा राहणार बाजूला. मैत्रिणीच्या खोलीवर आहे, वेळेवर जेवते, कामावर जाते. डबा घेऊन कारखान्याच्या फाटकाशी मुळीच येऊ नकोस.

निकाल लागला. ऐंशी हवे होते, एकसष्ट मिळाले. नऊ वर्षं मी या बाटल्यांच्या कारखान्यात कुठल्या ट्रकमध्ये किती पेट्या भरायच्या ते ठरवतेय. माझ्यानंतर आलेली पोरं व्यवस्थापन शिकून माझ्याच डोक्यावर येऊन बसली. कंपनी वर्षाला एकाच माणसाला रजा देऊन ते शिकायला पाठवते आणि यंदा ते माणूस मी होते. अट काय, तर प्रवेश परीक्षेत ऐंशी गुण. तुला हे सगळं पाठ आहे, तरी पुन्हा लिहितेय, म्हणजे तू काय घालवलंस ते तुला नीट दिसेल.

आठव आपले रविवार. सकाळी सातला टेबल पुसून तू समोर बसायचीस, गळ्यात ते शाळेत खेळ शिकवतानाचं स्टॉपवॉच. गणिताचे एकतीस प्रश्न, बासष्ट मिनिटं. माझा फोन कपाटात, भिंतीवरचं घड्याळ माझ्या पाठीमागे. नियम तुझेच. उत्तर काढायचं नाही, दिलेली माहिती पुरेशी आहे का तेवढंच सांगायचं, असले प्रश्न बघून तू म्हणाली होतीस, उत्तर नको तर गणित घालतात कशाला, वेळ जात नाही म्हणून? किती हसलो होतो आपण. व्याकरणाचा पेपर मी पुटपुटत सोडवायचे. पाच लांबलचक वाक्यं, त्यातलं बरोबर एक. इंग्रजी तुला धड कळत नाही, पण माझा आवाज कुठे अडखळतो ते बरोबर कळायचं. आता कळतंय, त्याच वेळी तुझा अंगठा बटणावर जायचा. मी पाणी प्यायला उठले की घड्याळ बंद. कपाळाला आठी पडली की बंद. आणि शेवटी तू ऐटीत सांगायचीस, दोन मिनिटं उरली हं! मी खूश. ऑफिसात शेखी मिरवत होते, वेळेचं मला काही वाटत नाही म्हणून.

परीक्षेत काय झालं ते तुला अजून सांगितलेलं नाही. बाविसावा प्रश्न संपवून वर बघितलं तर पडद्याच्या कोपऱ्यात चारच मिनिटं. मला वाटलं, संगणक बिघडलाय. मी हात वर केला, आई! देखरेखीच्या बाईंना बोलावून सांगितलं की तुमचं घड्याळ पुढे पळतंय. त्यांनी स्वतःचं मनगट माझ्यापुढे धरलं. दोघेतिघे वळून बघत होते. त्या भानगडीत चारातली दोन मिनिटं गेली. उरलेले नऊ प्रश्न मी वाचलेसुद्धा नाहीत, नुसती बोटं चालवली. व्याकरणाच्या पेपरात तर वाक्यापेक्षा घड्याळच जास्त बघत होते.

घरी आले तेव्हा कुठलीही आई विचारेल, पेपर कसा गेला? तू दार उघडून विचारलंस, वेळ पुरला का? तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. तुझ्यासमोर फोनचं घड्याळ लावून जुना पेपर सोडवला, तर अठ्ठ्याहत्तर मिनिटं. आणि तू पदर मुठीत धरून म्हणालीस, एकदा तुला बाद केलं होतं, परत जिवावर आलं.

म्हणजे ते! मी नऊ वर्षांची होते, शिट्टीच्या आधी पळाले आणि सगळ्या शाळेसमोर तू मला रेषेबाहेर काढलंस. घरी येऊन मी जेवले नाही. एवढंच तुझ्या लक्षात राहिलं? पुढच्या वर्षी मी पहिली आले तेव्हा बाईंची मुलगी म्हणून आली, असं म्हणायची एकाही पोराची छाती झाली नाही, ते नाही राहिलं? सगळी शाळा तुला शिट्टीबाई म्हणायची आणि मला त्याचा अभिमान होता. परक्यांच्या पोरांना तू खरं सांगत आलीस. खोटं सांगायला तुला मी सापडले. अन्याय तेव्हा नव्हता केलास, आत्ता केलास. चौतीस वर्षांच्या बाईला कुक्कुलं बाळ केलंस आणि वर त्याला माया म्हणतेस.

नुसत्या शिव्या घालायच्या असत्या, तर मी फोन उचलला असता. तीन आठवड्यांनी पुन्हा परीक्षा आहे. बसते की रजा सोडते, ते मला शुक्रवारपर्यंत सांगायचंय. सोडली तर ती यादीत माझ्या मागे असलेल्या गोदामातल्या बाईंना मिळेल आणि माझा नंबर परत लागणार नाही. मला ठरवता येत नाहीये, कारण इतक्या रविवारांत माझा वेग वाढला की नाही हेच मला ठाऊक नाही. ते फक्त तुला ठाऊक आहे. तोंडाने तू काहीही सांगितलं असशील, पण खोटी वेळ लिहिणं तुझ्या हातून व्हायचं नाही. कुठल्यातरी वहीत अठराही रविवारांची खरी मिनिटं तारखेसकट उतरवलेली असणार. ते पान पाठव. मिनिटं आठवड्यागणिक कमी होत गेली असतील, तर मी बसेन. होती तिथेच असतील, तर गोदामातल्या बाईंचं अभिनंदन मी स्वतः जाऊन करीन. एकही आकडा सुधारू नकोस. गुरुवारपर्यंत वाट बघते. पान आलं नाही, तर त्यावर काय लिहिलंय ते मला कळेल.

तुझीच, आणि अजून रागातच,
भिंगरी