तीन पाव तांदूळ, भरून

लिहून ठेवणार उपेंद्र नरसिंगराव, वय एकवीस पूर्ण, राहणार मल्लेश्वरम, बंगळूर, भीमाचार्यांच्या वठारातील, म्हणजे चाळीतील, तिसरे घर. धंदा म्हणून आज सांगण्यासारखा काही नाही. परवा मंगळवारपासून फौजेत रंगरूट. माझी प्रकृती ठणठणीत आहे, डोके शांत आहे, आणि हा कागद मी कोणाच्या धाकाने किंवा भिडेने लिहीत नाही. डोके शांत असणे ही माझ्या बाबतीत नेहमीची गोष्ट नाही, म्हणून ती मुद्दाम नोंदवतो. सरहद्दीवर तोफा थांबल्या आहेत असे वर्तमानपत्रात आहे. तरी माणसाने आपल्यामागे गोंधळ ठेवून जाऊ नये. मी तो जिवंतपणीच पुष्कळ घातला आहे, त्याचीही व्यवस्था याच कागदात करतो.

एक. माझ्यामागे दोघीजणी आहेत. आई इंदिराबाई, जिला आम्ही अम्मा म्हणतो, आणि थोरली बहीण सुनंदाबाई, म्हणजे अक्का. वडील पाच वर्षांपूर्वी गेले. अम्माला डोळ्यांनी फार थोडे दिसते. अक्का प्राथमिक शाळेत शिकवते. तिच्या पगारातून भाडे, दूध, सरपण आणि माझी कॉलेजची फी वजा जाता घरच्या सामानाला पस्तीस रुपये उरत. त्या पस्तिसांचे छत्तीस झालेले मी कधी पाहिले नाहीत. कॉफी सकाळी एकदाच. तेल पळीने नाही, चमच्याने. साबण दोऱ्याने कापून अर्धा. मी यावर घरात पुष्कळ विनोद केले आहेत. ते सगळे मी परत घेतो.

दोन. घर भाड्याचे आहे, त्यामुळे ते कोणाला देण्याचा प्रश्न नाही. वडिलांची सायकल माझ्याकडे आहे. ती अक्काने विकावी. विकताना भीमाचार्यांना बरोबर न्यावे, कारण अक्का समोरचा माणूस म्हणेल तो भाव मान्य करते. सायकल मी भीमाचार्यांनाच देणार होतो. ते कोर्टात तीस वर्षे कारकून होते आणि हा कागद मी त्यांच्याच ओसरीवर बसून लिहीत आहे. पण ते म्हणतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही.

दुसरे साक्षीदार पिराजी कल्हईवाले शेजारीच बसले आहेत. त्यांनी विचारले, "म्हणजे मलाही काही नाही?"

"काही नाही," भीमाचार्य म्हणाले.

"मग एवढं लांबडं कशाला लिहितोय हा पोरगा? सही कुठं ते सांगा, जातो."

पिराजींनी बसावे अशी मी विनंती केली आहे. त्यांच्याशिवाय हा कागद पुरा होत नाही. का, ते पुढे येईल.

तीन. पुस्तके. भौतिकशास्त्राची दोन, गणिताचे एक, लॉगॅरिथमचे तक्ते. जुन्या पुस्तकांच्या दुकानात चार-पाच रुपये यावेत. पाने कोरी आहेत, कारण मी ती फारशी उघडली नाहीत. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये हजेरी घेताना आमचे लेक्चरर वर्गासमोर म्हणाले, "उपेंद्र बस-स्टॉपवर हजर असतात, इथे क्वचित." वर्ग हसला. मी वही टेबलावर आपटली आणि बाहेर पडलो, तो परत गेलो नाही. त्या सरांवर माझा राग होता. तो या कलमाने संपला. मी बस-स्टॉपवर हजर असे, हे खरेच होते.

चार. बस-स्टॉपवर का, ते वठाराला ठाऊक आहे, तरी कागदावर असावे. समोरच्या घरातील भागुबाईंची मुलगी कस्तुरा टायपिंगच्या वर्गाला त्या बसने जात असे. कॉलेज सोडल्याचे मी घरी सांगितले नाही. अक्का दर महिन्याच्या तीन तारखेला फीचे बारा रुपये माझ्या हातावर ठेवी आणि म्हणे, "पावती आण." मी म्हणे, आणतो. सात महिने ते बारा रुपये मी घेतले. त्यांचे मोगऱ्याचे गजरे झाले, सिनेमाची तिकिटे झाली, एक फौंटनपेन झाले. तिकिटे दोन काढी आणि बहुतेक वेळा एकटाच बसे. कस्तुराने मला कधी कसलेही वचन दिले नव्हते. हे तिच्या सासरी कोणी उलटसुलट सांगितल्यास हा कागद दाखवावा. तिचे लग्न ठरले आहे, होसकोट्याला. तिचे भले व्हावे. मनापासून लिहितो असे म्हटले तर खोटे होईल, पण पुढच्या वर्षीपर्यंत मनापासून होईल.

भीमाचार्य म्हणतात, मृत्युपत्रात असले लिहीत नाहीत. मी म्हटले, राहू द्या.

फौंटनपेन तिने परत केले. हा कागद त्याच पेनाने लिहिला आहे. पेन अक्काला द्यावे, शाळेत तिला उपयोगी पडेल. ते तिच्याच पैशांचे आहे.

पाच. आता मापाविषयी. आमच्या घरात एक पितळी पाव आहे. इकडे तांदूळ मोजायच्या पावशेरी मापाला नुसते पावच म्हणतात. वडिलांचा नियम असा की माणशी एक पाव रोज, काठोकाठ, आणि मोजायचे घरच्या बाईने आपल्या हाताने. वडील गेले, पगार गेला, डोळे गेले, तरी अम्माने हे काम सोडले नाही. रोज सकाळी ती डब्यापाशी बसे, माप भरी, वरून बोट फिरवून सपाट करी आणि मोठ्याने म्हणे, "एक अक्काचा, एक उपेंद्राचा, एक माझा." घरात काही कमी आहे असे तिला वाटू नये, यासाठी अक्का काय वाटेल ते करील. काय केले ते मला एप्रिलमध्ये कळले.

महिनाअखेरीस तांदूळ संपत आले की अक्का भागुबाईंकडून दोन-तीन पाव उसने आणी आणि एक तारखेला परत करी. ती परत करायला जाई तेव्हा आमचे माप न घेता नुसती तांदळाची पिशवी घेऊन जाई आणि भागुबाईंच्याच मापाने मोजून देई. मला वाटे, हा तिचा उगाच भिडस्तपणा. एप्रिलच्या एक तारखेला अक्का तापाने पडली होती. मी आनंदाने म्हटले, मी देऊन येतो. आनंद कशाचा ते वर आले आहे. आमच्या पावाने तीन पाव मोजले आणि मापासकट समोर गेलो.

भागुबाईंनी ते आपल्या मापात ओतले. तिसऱ्याला माप अर्धेही भरले नाही.

"उपेंद्रा, हे स्वल्प कमी आहे रे," त्या म्हणाल्या. हळूच म्हणाल्या, हे मी मान्य करतो.

"अम्माच्या मापाने आणलंय. आमच्या घरात माप खोटं नसतं."

"मी कुठं खोटं म्हटलं? अक्काला बरं वाटू दे, मग बघू."

कस्तुरा दारात उभी होती. ती नसती तर कदाचित मी घरी गेलो असतो. पण ती होती. मी पाव उचलला आणि तडक देवाप्पा शेट्टींच्या दुकानात गेलो. त्या दिवसांत शेर जाऊन किलो-लिटर आले होते, आणि मापांवरून प्रत्येक दुकानात रोज वाद. दुकानात सात-आठ माणसे होती, अर्धा वठार होता. मी सगळ्यांदेखत म्हटले, "शेट्टी, तुमचा जुना पाव काढा. आमचा त्याच्याशी ताडून बघा. वठारात आमच्यावर खोटेपणाचा आळ आलाय."

देवाप्पांनी माप हातात घेतले, उलटे केले, तळ पाहिला आणि मला परत दिले. "सरी, ठीक आहे, जा घरी," म्हणाले.

"ताडल्याशिवाय जाणार नाही."

"उपेंद्रा, मी सांगतो, घरी जा."

त्यांना समजले होते. मला नाही. मीच माळ्यावरचा पाव काढायला लावला, मीच आमच्या पावात काठोकाठ पाणी भरले. आमच्यातले पाणी त्यांच्यात ओतले तेव्हा ते पाचव्या हिश्श्याने उणे भरले. तळ खालून आत ठोकलेला होता. वरून पाहणाऱ्याला दिसू नये आणि बोट फिरवणाऱ्याला लागू नये, असा.

देवाप्पांवर मी त्या दिवशी आरडाओरडा केला, तुम्ही आधी का बोलला नाहीत म्हणून. त्यांची मी क्षमा मागतो. ती तोंडाने मागण्याचे धैर्य झाले नाही.

सहा. हे कलम सर्वांत कठीण. घरी येऊन मी ते माप अक्काच्या अंथरुणापाशी फेकले. ती तापाने लाल झाली होती. मी म्हटले, "आम्हाला अर्धपोटी ठेवून पैसे कुठं साठवतेस? कुणासाठी?" आणखीही बोललो. एका अविवाहित बहिणीला भावाने बोलू नये ते बोललो. ते शब्द येथे लिहीत नाही. तिला ते पाठ असतील.

ती उठून बसली. माप हातात घेऊन तिने पदराने पुसले आणि म्हणाली, "तुझी फी भरायची होती ना. मार्चची पावती आणली नाहीस अजून."

एवढेच. दारात अम्मा उभी होती. दिसत नसले तरी तिला ऐकू सगळे येते.

तांदूळ, कॉफी, तेल, साबण, सगळीकडून थोडे थोडे काढून अक्काने महिन्याचे बारा रुपये जमवले होते. आणि ज्याच्यासाठी तळ ठोकला, तो कॉलेजात नव्हताच. मी दुसऱ्या दिवशी ते सांगितले. अक्का म्हणाली, "बरं." ती मला एक शब्द वाकडा बोलली असती तर मी आज फौजेत निघालो नसतो असे वाटते.

दोन दिवसांनी नळावर पाणी भरताना कस्तुरा म्हणाली, "तुमच्या घरात तळ ठोकून भात शिजतो, आणि तुम्ही मला गजरे आणता? लाज वाटली मला, घातलेल्या प्रत्येक गजऱ्याची." पेन तिने तेव्हाच दिले.

अम्माने त्या दिवसापासून मापाला हात लावला नाही. "इतके दिवस मी खोटं मोजत होते," एवढे एकदा म्हणाली. आता अक्का अंदाजाने तांदूळ घालते. अम्मा चार घास खाते आणि पोट भरले म्हणते. अक्का सर्वांत शेवटी बसते आणि भांडे खरवडते. आठ महिने मी हे समोर बसून पाहिले. छापखान्यात कामाला लागलो, तिथे फोरमनशी भांडलो, ते काम गेले. लाकडाच्या वखारीत लागलो, तेही गेले. मग फौजेच्या भरतीला उभा राहिलो.

सात. माझा फौजेतील पगार दरमहा अक्काच्या नावे येईल असा अर्ज मी दिला आहे. माझे बरेवाईट झाल्यास जे काही मिळेल तेही तिचे. त्यातील पहिले चौऱ्याऐंशी रुपये हे देणे समजावे, देणगी नव्हे. अक्का हे पैसे पोस्टात टाकील आणि सामान पस्तिसांतच भागवील, हे मला ठाऊक आहे. म्हणून पुढचे कलम.

आठ. तळ कोणी ठोकला, हे मी अक्काला विचारले नाही. काल पिराजी आपणहून म्हणाले, "मीच ठोकला. भांड्यांना कल्हई लावायला आलो होतो. अक्का म्हणाल्या, आतून ठोका, वरून कळू नये. मी म्हटलं, बाई, आपलंच माप आपण खोटं करता? तर म्हणाल्या, खोटं नाही, लहान करते." त्यांनी ठोकणावळ घेतली नव्हती. काढणावळही घेतली नाही. आज दुपारी त्यांनी तळ पुन्हा सपाट केला. देवाप्पांच्या दुकानात जाऊन दोन्ही पावांत पाणी ओतून पाहिले. बरोबर भरले. या वेळी दुकानात कोणी नव्हते. पाव आता आमच्या तांदळाच्या डब्यात आहे.

माझी इच्छा अशी. उद्यापासून अम्माने पुन्हा आपल्या हाताने मोजावे. हवे तर आधी आत बोट घालून तळ पाहावा. घरात दोघीच उरतील, म्हणून अक्का दोनच पाव घालू म्हणेल. तसे करू नये. तीनच मोजावेत, काठोकाठ. माझे नाव घेऊन मोजलेला पाव अक्काच्या ताटात वाढावा, आणि तिने शेवटी नाही, अम्माच्या बरोबर जेवायला बसावे. या घरात माझ्या मालकीचे म्हणावे असे एवढेच आहे, रोजचा एक पाव तांदूळ. तो मी अक्काला देतो.

भीमाचार्य म्हणतात, हे उद्यापासून लागू होणार नाही. मृत्युपत्राचा अंमल माणूस मेल्यावर. मी विचारले, मग काय करू. ते चष्मा पुसत म्हणाले, "लिही तसंच. उद्या सकाळी मी स्वतः जाऊन अम्मांना वाचून दाखवतो."

येथवरचा मजकूर माझ्या हातचा. खाडाखोड दोन ठिकाणी, दोन्ही चौथ्या कलमात.

सही: उपेंद्र नरसिंगराव

साक्षीदार:
भीमाचार्य, निवृत्त कारकून. सही समक्ष केली.
पिराजी कल्हईवाले. डाव्या अंगठ्याचा ठसा. मजकूर वाचून दाखवला; आठवे कलम त्यांनी दोनदा ऐकले.

मल्लेश्वरम, बंगळूर
रविवार, २ डिसेंबर १९६२